कप घसरला की मार यकृतावर

हृदय थांबलं की छाती दाबावी लागते, हाताने किंवा आपोआप दाबणाऱ्या यंत्राने. ‘यंत्राने बरगड्या मोडतात, म्हणून हातानेच दाबावं’ असं काही जण म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. प्रौढाची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंमी खोल दाबायची म्हटलं की बरगड्या हातांखालीही मोडतात, वयस्कर माणसाच्या तर जास्तच. कटकन आवाज आला म्हणून दाब हलका करू नका, कळकळीने सांगतोय. हातांची जागा तपासा आणि चालू ठेवा.

यंत्रात खरी भीती असते ती जागा सरकण्याची. लुकाससारख्या यंत्रात रबरी कपाची खालची कड छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाच्या जरा वर हवी. कप पोटाकडे घसरला तर मार यकृतावर, प्लीहेवर बसतो, आणि यंत्राला ते कळत नाही. ते त्याच जोराने दाबत राहतं. म्हणून कप टेकवला की कडेने छातीवर मार्करने गोल काढा, मानेमागचा पट्टा लगेच लावा. रुग्णाला उचललं, जिन्यावरून उतरवलं की तो गोल पुन्हा बघा. कप बाहेर गेला असेल तर यंत्र थांबवून जागा दुरुस्त करा.

2014 ची ‘लिंक’ (LINC) आणि 2015 ची ‘पॅरामेडिक’ (PARAMEDIC) या नावांच्या दोन्ही वैद्यकीय चाचण्यांत जीव वाचण्याच्या बाबतीत लुकास हातांपेक्षा सरस ठरलं नाही. धावत्या रुग्णवाहिकेत मात्र ते हवंच. बसवताना आधी पाठीखालची फळी सरकवा, पुन्हा हाताने दाबा, मग वरचा भाग जोडा. दाबण्यात पडणारा प्रत्येक खंड 10 सेकंदांच्या आत.