अनुभव धागा: लोकलचं दार, फलाट आणि पूल

9 जून 2025 ला दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं रुळावर पडली. बातमीवर लगेच प्रतिक्रिया आल्या, 'कशाला लटकायचं मग?' मला त्याचा संताप येतो. मुंबईच्या लोकल मार्गांवर 2023 मध्ये 2,590 जणांचा जीव गेला, म्हणजे रोज सात. सगळ्यांत जास्त रूळ ओलांडताना, त्याखालोखाल गाडीतून पडून. वर्षानुवर्षं त्याच वाटेवर माणसं मरत असतील तर नुसतं 'प्रवाशांची चूक' म्हणून भागत नाही.

लोकलने आयुष्य काढलेल्यांनी लिहावं: पूर्वी कशाची भीती होती, त्यातलं काय खरंच बदललं आणि कशामुळे? उपदेश नको, पाहिलेलं सांगा.

वसई, निवृत्त

टपावरची पोरं. आमच्या वेळी ओव्हरहेड वायरमध्ये 1500 व्होल्ट डीसी असायचा. पोरं वाकून बसायची आणि बरीचशी वाचायचीही. पोलीस दंडुके घेऊन मागे लागायचे, फलाटावर घोषणा व्हायच्या, पुढच्या स्टेशनात पुन्हा तेच. 2012 मध्ये पश्चिम मार्गावर 25 हजार व्होल्ट एसीचं काम पुरं झालं. आता तारेला हात लागायलाही नको, जवळ गेलं तरी झटका बसतो. टप हळूहळू रिकामे झाले. सुरुवातीला त्यात काही पोरं गेली, ते विसरता येत नाही.

डोंबिवली, महिला डबा

दारात उभं राहणं हौस नसते, हे एकदा नीट सांगते. फास्ट गाडी, घाटकोपरला उतरायचं. ठाणं सुटलं की दाराकडे सरकायला लागायचं, नाहीतर गर्दी तुम्हाला थेट कुर्ल्याला नेते. म्हणजे जिला लवकर उतरायचंय ती आत जाऊच शकत नाही. त्यात दाराशी रोजचा ग्रुप असतो, तो नव्या बाईला आत सरकू देत नाही. मग ती राहते पायदानाजवळ, एक हात मधल्या खांबाला, दुसऱ्या हाताने पोटाशी धरलेली बॅग. ओढणी पिनने खांद्याला पक्की केलेली, कारण ती कुणाच्या बॅगेच्या चेनीत अडकली की उतरताना मान खेचली जाते. हे मी रोज बघते. मागून रेटा आला की खांबावरची पकड सुटते, आणि सुटली की बाहेर फक्त हवा. वळणावर आतली सगळी गर्दी एका अंगाला कलते. तेव्हा दारातल्या बाईवर किती भार येतो, ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आई आम्हाला एक शिकवून गेली. 1993 मध्ये कांदिवलीजवळ महिला स्पेशलमध्ये आगीची अफवा उठली, बायकांनी उड्या मारल्या आणि शेजारच्या रुळावरून गाडी आली. तेव्हापासून ती म्हणायची, गाडी मध्येच थांबली तर आधी दोन्ही बाजूंचे रूळ बघ, मग काय ते ठरव. आता महिला डब्यात गार्डशी बोलायचं बटण आहे, रात्री पोलीस असतो. रात्रीची शेवटची गाडी पकडताना त्या पोलिसाचा मला खरंच आधार वाटतो.

परळ

पुलावरच्या गर्दीबद्दल कुणी बोलत नाही. 29 सप्टेंबर 2017, तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड स्टेशन. पाऊस आला, लोक पुलावर आडोशाला थांबले आणि खालून गाड्यांमधून उतरलेले लोक वर येतच राहिले. चेंगराचेंगरीत 23 जण गेले. नवा पूल लष्कराने बांधला, फेब्रुवारी 2018 मध्ये खुलाही झाला. मनावर घेतलं तर पाच महिन्यांत होतं.

मुलुंड

फलाटाची उंची. 2014 मध्ये घाटकोपरला एका मुलीचे दोन्ही हात गेले, तेव्हा गाडी आणि फलाटामधली फट सगळ्यांना दिसली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि फलाट 900 मिलिमीटरपर्यंत उचलायची कामं लागली. माझ्या आईचे गुडघे गेलेत. पूर्वी ती पायदानाला हात टेकून, पाठमोरी होऊन उतरायची. आता सरळ पाऊल टाकते.

कळवा

माझा भाऊ गाडीतून पडून गेला. पास सापडला नाही, म्हणून 'काही मिळणार नाही' असं आम्हाला तोंडावर सांगितलं गेलं. ते खरं नव्हतं. कुणावर अशी वेळ आलीच तर म्हणून लिहितो. चालत्या गाडीतून अपघाताने पडणं रेल्वे कायद्याच्या कलम 124-अ खाली येतं, आणि दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करायचा. मृत्यूसाठी भरपाईची रक्कम 2017 पासून आठ लाख आहे. तिकीट सापडलं नाही एवढ्याच कारणाने माणूस प्रवासी नव्हता असं धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. त्यासाठी घरच्यांनी आधी घडलेली हकिकत सांगणारं प्रतिज्ञापत्र द्यायचं. 'दारात उभा होता, त्याचाच निष्काळजीपणा' हे सांगूनही दावा उडवता येत नाही. लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रती पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. रूळ ओलांडताना गेलेल्यांच्या घरच्यांना मात्र या कलमाचा आधार सहसा मिळत नाही.

बोरिवली

25 डिसेंबर 2017 ला पहिली एसी लोकल आमच्याकडूनच सुटली. मे 2022 मध्ये तिकिटं निम्मी झाली तेव्हापासून मी तिनेच जाते. दार लागलं नाही तर गाडी हलत नाही, म्हणून आतले ओरडतात, बाहेरचे ढकलतात, गाडी रखडते. पण दारातून पडायची भीती मनातून पार गेली, आणि ती किती वर्षं मनात होती ते गेल्यावर कळलं.

मुंब्र्यानंतर साध्या लोकललाही बंद होणारी दारं, झडपांतून आणि छतातून हवा, जोडलेले डबे असं जाहीर झालं. मला ते हवंच आहे. पण दाराशी लटकून जाणारे तितकेच लोक फलाटावर राहणार. गाड्या वाढल्या नाहीत तर तेच लोक रूळ ओलांडून दुसऱ्या फलाटावर धावतील.

धागाकर्ता

बोरिवलीकरांचा मुद्दा अगदी बरोबर आहे. 15 डब्यांच्या गाडीने रोज जाणाऱ्यांनी इथे लिहा: तीन डबे वाढल्याने दारातली गर्दी कमी झाली का, आणि कोणत्या स्टेशनांपर्यंत?