गणेशोत्सवाच्या चित्रफितीत ट्रान्झिशन काही जोडांवर लागत नाही

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाची चित्रफीत दाविंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या प्रणालीत जोडण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. सजावटीच्या छायाचित्रांमध्ये क्रॉस डिझॉल्व्ह (एक चित्र विरत असताना दुसरे उमटवणारे ट्रान्झिशन) विनातक्रार लागतो. मात्र आपण व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या क्लिपच्या जोडावर तो टाकताच क्लिप पुरेशा लांब नसल्याचे सांगून ‘ट्रिम क्लिप्स’ की ‘स्किप क्लिप्स’ असे विचारले जाते. ट्रिम म्हटले तर कडेच्या फ्रेम (चित्रफितीतील एकेक स्थिर चित्र) कापल्या जातात आणि लहान मुलांच्या नाचातील शेवटची मुद्राच नाहीशी होते. शिवाय आरतीच्या दोन क्लिप जोडल्यावर आवाज मधेच क्षणभर खाली बसतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
सांस्कृतिक समितीच्या वतीने

---

ताई, सप्रेम नमस्कार.

डिझॉल्व्ह चालू असताना पहिली क्लिप कटनंतरही (म्हणजे दोन क्लिपच्या जोडानंतरही) थोडा वेळ दिसत राहते आणि दुसरी कटच्या आधीपासून दिसू लागते. त्यासाठी लागणाऱ्या फ्रेम टाइमलाइनवर (क्लिप क्रमाने मांडण्याच्या पट्टीवर) दिसत नसल्या तरी मूळ फाइलमध्ये शिल्लक असाव्या लागतात. त्यांनाच हँडल म्हणतात. टाइमलाइन सेकंदाला 30 फ्रेमची असेल आणि एक सेकंदाचा डिझॉल्व्ह कटच्या मधोमध ठेवला असेल, तर प्रत्येक बाजूला 15 फ्रेमचे हँडल लागते. छायाचित्र हवे तितके लांबवता येत असल्यामुळे तिथे अडचण येत नाही. याउलट, पाठवण्यापूर्वी फोनवरच नेमक्या कापलेल्या क्लिपमध्ये मागेपुढे काहीच उरलेले नसते, आणि नसलेल्या फ्रेम रिझॉल्व्ह तरी कुठून आणणार?

त्यामुळे पहिला उपाय संगणकावरचा नाहीच: सभासदांकडून न कापलेल्या मूळ फाइल मागवाव्यात. तोपर्यंत निदान एका बाजूला हँडल असेल, तर ट्रान्झिशनवर क्लिक करून इन्स्पेक्टर या मांडणीच्या चौकटीत अलाइनमेंट, म्हणजे कटच्या संदर्भात त्याची जागा, बदलावे. ‘एंड ऑन एडिट’ निवडल्यास डिझॉल्व्ह कटपाशी संपतो, म्हणजे सगळे हँडल येणाऱ्या क्लिपच्या सुरुवातीचे वापरले जाते आणि जाणाऱ्या क्लिपच्या शेपटीची गरज उरत नाही. ‘स्टार्ट ऑन एडिट’मध्ये नेमके उलट होते. मुलांच्या नाचाची क्लिप शेवटच्या मुद्रेवरच संपत असेल, तर तिच्यापुढच्या क्लिपची सुरुवात सढळ ठेवून ‘एंड ऑन एडिट’ घ्यावा. दोन्ही बाजू कोरड्या असतील, तर डिझॉल्व्हचा हट्ट सोडून क्लिपच्या वरच्या कोपऱ्यातील पांढरी खूण आत ओढावी. ती क्लिप स्वतःच्याच फ्रेममध्ये काळी होत जाते आणि पुढची तशीच काळ्यातून उजळवता येते. तिथे हँडलचा प्रश्नच येत नाही. डिझॉल्व्हचा कालावधीही इन्स्पेक्टरमध्येच बदलतो. एक सेकंद ही केवळ ठरीव सोय आहे. पुष्कळ जोडांना 12 ते 15 फ्रेम पुरतात आणि तेवढ्याने हँडलची गरजही निम्म्यावर येते.

आता आवाजाविषयी. ‘क्रॉस फेड 0 डीबी’ हे आवाजाचे ट्रान्झिशन लावल्यावर मध्यावर दोन्ही आवाज निम्म्या पातळीवर येतात. दोन्ही ध्वनी वेगवेगळे असतील तर त्यांची बेरीज मूळ पातळीपेक्षा सुमारे 3 डेसिबल कमी भरते, आणि आपल्याला जाणवलेला खळगा हाच असावा. अशा जोडावर ‘क्रॉस फेड +3 डीबी’ लावावा. परंतु दोन्ही क्लिप एकाच आरतीच्या, दोन फोनवरून घेतलेल्या असतील, तर हा उपाय घातक ठरेल, कारण दोन्हींतील टाळ्या जराशाही मागेपुढे असल्या तर त्या दुप्पट ऐकू येतात. तिथे एकाच फोनचा आवाज आरतीभर अखंड ठेवावा आणि चित्र तेवढे बदलत राहावे. ऑल्ट दाबून क्लिक केल्यास चित्र आणि आवाज वेगवेगळे निवडता येतात.

आपला,
एक जुना सभासद

---

दोघांसही नमस्कार,

वरील तांत्रिक उत्तर पटले. मात्र ट्रान्झिशन लागत नाही म्हणून तळमळण्याआधी तो तिथे हवाच आहे का, हेही पाहावे असे मला वाटते. डिझॉल्व्ह पाहताना प्रेक्षक काळ किंवा स्थळ बदलले असे समजतो. म्हणून सजावटीकडून स्थापनेकडे किंवा दुपारच्या महाप्रसादाकडून संध्याकाळच्या कार्यक्रमाकडे जाताना तो शोभतो. एकाच नृत्याच्या दोन कोनांमध्ये तो टाकला, तर एका नर्तिकेच्या अंगावर दुसरी पुसट नर्तिका तरंगताना दिसते, आणि पदन्यासाचा तोल पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. तिथे तबल्याच्या समेवर सरळ कट घ्यावा. एकांकिकेच्या दोन प्रवेशांमध्ये मात्र चित्र पूर्ण काळे होऊन पुन्हा उजळावे, कारण रंगमंचावरही दिवे तसेच मालवले होते. पान उलटल्याचे आणि चांदण्या उधळल्याचे परिणाम संगणकात आयते मिळतात खरे, पण ते आयत्या वेळच्या उत्साहात सगळ्या चित्रफितीवर पसरतात, तेव्हा ते वगळावेत ही विनंती.

मिरवणुकीच्या जोडावर ढोलताशांचा आवाज चित्राच्या एक-दोन सेकंद आधी सुरू करून पाहावा. त्यासाठी मिरवणुकीच्या क्लिपचा फक्त आवाज मागे ओढावा लागेल, आणि ज्या क्लिपला सुरुवातीचे हँडल नाही तिच्या बाबतीत हेही जमणार नाही, म्हणून मूळ फाइल मागवताना मिरवणुकीच्या फाइल सर्वांत आधी मागवाव्यात. माझ्या फोनवरील न कापलेल्या क्लिप मी मंडळाच्या सामायिक फोल्डरमध्ये आज रात्री ठेवतो.

आपला,
रंगमंच व्यवस्था पाहणारा सभासद