एका संध्याकाळी दोन कार्यक्रम : नाशिकमध्ये जमतं का, की दोन्हीकडे अर्धवट?

जेलरोडचा जावई

परवा शनिवारी हा पराक्रम करून बसलोय, म्हणून विचारतो. सहा वाजता गंगापूर रोडला एका छोट्या सभागृहात शास्त्रीय गाण्याची बैठक आणि साडेसातपासून जेल रोडच्या एका लॉन्सवर बायकोच्या मामेबहिणीचं रिसेप्शन. गाणं सोडवत नव्हतं आणि रिसेप्शन सोडणं परवडणारं नव्हतं. (ज्यांना मामेसासरे आहेत त्यांना जास्त सांगायला नको.)

सव्वासातला बैठकीतून उठलो. अशोक स्तंभ, मेहेर, सीबीएस, शालिमार, सारडा सर्कल. इथवर ठीक होतं. मग द्वारका चौक. डोक्यावरच्या उड्डाणपुलावरून मुंबई-आग्रा महामार्ग भरधाव चाललाय आणि खाली आपण क्लच दाबून बसलोय. घड्याळ लावून बावीस मिनिटं. दहा-बारा किलोमीटरला एक तास दहा मिनिटं लागली, पण साडेआठच्या आत पोचलो. आहेर दिला, फोटो झाला, जेवलो.

माझं म्हणणं, जमतं आणि जमवावं. नाहीतर या गावात लग्नसराईचे महिने नुसते पुलाव खाण्यात जातील, कानावर दुसरं काही पडायचं नाही. तुमचं काय मत?

सिडको सहावी स्कीम

साफ नामंजूर. तुम्ही पोचलात, एवढंच झालं. ऐकलंत काय? संथ लयीतला विलंबित कुठे रंगायला लागला होता आणि लोकांचे मोबाईल उजळायला लागले. मी त्याच बैठकीला होतो असं वाटतंय. माझ्या पुढच्या रांगेतून चार जण उठले. चौघांनीही वाकून, हात जोडून, चेहऱ्यावर अगदी अपराधी भाव आणून. उठायचंच होतं तर गादीवर पुढे जाऊन बसायचं कशाला? दाराजवळ भिंतीला टेकून बसावं.

एक संध्याकाळ, एक कार्यक्रम. दुसरीकडे दुसऱ्या दिवशी घरी जाऊन आहेर द्या, चहा घ्या. नवऱ्यामुलाचं नाव तरी लक्षात राहील.

आणि एक राहिलं. शेवटपर्यंत बसून बाहेर आलो तर माझी डाव्या पायाची कोल्हापुरी गायब. तिच्या जागी तशीच दुसरी, एक नंबर लहान. लवकर उठणारे घाईत दुसऱ्याची चप्पल घालून जातात, हा त्यांचा आणखी एक उपकार.

गोदाकाठचा म्हातारा

सिडकोवाले, इतके कडक होऊ नका. आम्ही तरुणपणी मे महिन्यात हेच करायचो. सात वाजता गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला. १९२२ पासून चालू आहे ती. व्याख्यान ऐकायचं, भेळ खायची आणि चढ चढून रविवार कारंजावरून शालिमारला कालिदास कलामंदिरात साडेनऊच्या नाटकाला हजर. चालत! पायाखाली वीस मिनिटांचा रस्ता. सार्वजनिक वाचनालय (१८४० चं), त्याचं प. सा. नाट्यगृह, कालिदास, घाट, सगळं एका हाकेच्या अंतरात. लग्नंसुद्धा वाड्यात नाहीतर जवळच्या मंगल कार्यालयात. एका रात्री दोन काय, तीन ठिकाणी तोंड दाखवून यायचो.

आता गाणं गंगापूर रोडला, नाटक शालिमारला आणि लग्न आडगावच्या किंवा पाथर्डीच्या पुढे, जिथे लॉन्सला जागा मिळेल तिथे. कार्यक्रम तेवढेच राहिले, गाव मात्र चहूकडे पांगलं. द्वारकेला कशाला शिव्या देता?

तरी एक पथ्य आम्ही पाळायचो. कामदा एकादशीला, म्हणजे रथाच्या दिवशी, संध्याकाळी नदी ओलांडायचा बेत करायचा नाही. श्रीराम रथ पंचवटीच्या बाजूलाच थांबतो, गरुड रथ नदी ओलांडून गावात येतो. त्या दिवशी हा मान गरुडाचाच, आपण आपल्या काठावर गप्प राहावं.

रात्रपाळी

काका, तुमचं चालत जाणं मनापासून आवडलं. पण वरच्या सगळ्या पराक्रमात गाडी स्वतःची आणि चालवणारा पुरुष आहे, हे कुणाच्या लक्षात आलं का?

मी राहते नाशिक रोडला. गंगापूर रोडचा कार्यक्रम सव्वानऊला संपला की माझी परीक्षा सुरू. स्पेशल रिक्षावाला मीटरचं नाव काढत नाही, आकडा सांगतो. शेअर रिक्षाने आधी सीबीएस, तिथून शालिमारपर्यंत चालत, मग नाशिक रोडची दुसरी रिक्षा. चौथी सवारी मिळेपर्यंत ती हलत नाही, आणि ती चौथी सवारी बहुतेक वेळा दारू पिऊन आलेली असते. २०२१ च्या जुलैत सिटीलिंक ही शहर बससेवा सुरू झाली तेव्हा मी खरंच खूश झाले होते. दिवसा तीच वापरते. रात्री नऊनंतर मात्र थांब्यावर उभं राहून 'येईल' म्हणायला वेगळी श्रद्धा लागते. त्याच वर्षी केंद्रीय अर्थसंकल्पात टायरवर धावणारी मेट्रो निओ जाहीर झाली होती, आणि गंगापूर ते नाशिक रोड हा तिचा एक मार्ग होता. म्हणजे नेमका माझा. अजून एक खांब दिसलेला नाही.

त्यामुळे 'दोन कार्यक्रम जमतात का' हा प्रश्न माझ्यापर्यंत पोचतच नाही. मला एका कार्यक्रमाचा शेवट ऐकायला मिळत नाही. भैरवी सुरू व्हायच्या आत मी जिन्यात असते. सिडकोवाले, दर वेळी मोबाईल बघून उठणारा माणूस रिसेप्शनलाच चाललेला असतो असं नाही.

एमएच १५ रिक्षा

ताई बोलल्या ते खरं आहे. आमची बाजू पण ऐका. गंगापूर रोडहून नाशिक रोडला रात्री सवारी सोडली की परत येताना रिकामं यावं लागतं. म्हणून आकडा वाढतो. मुंबईहून पंचवटी एक्स्प्रेस यायच्या वेळेला निम्म्या रिक्षा स्टेशनला लागलेल्या असतात, त्या टायमाला गावात रिक्षा मिळणार कुठून?

आणि जावईबापू, तुम्ही द्वारकेवरून गेलातच कशाला? शनिवारी संध्याकाळी तिकडे आम्हीसुद्धा जात नाही. जेहान सर्कल, महात्मानगर, एबीबी, सिटी सेंटर मॉल, गोविंदनगर, बोगद्यातून इंदिरानगर, मग वडाळागाव, डीजीपीनगर आणि उपनगरला बाहेर.

सिडको सहावी स्कीम

मॉलचा सिग्नल शनिवारी संध्याकाळी? मी रोज त्याच बाजूने घरी जातो. द्वारकेतून सुटून तिथे अडकायचं, एवढाच फरक. त्यात इंदिरानगरचा बोगदा. शिवाय सिंहस्थाच्या कामांमुळे आज मोकळा असलेला रस्ता उद्या खोदलेला. २०२७ च्या ऑगस्टात पहिलं अमृतस्नान आहे, तोवर कुणी कुणाला रस्ता सांगू नये.

उजवा डग्गा

मी साथीला बसतो, तेव्हा मंचावरून काय दिसतं ते सांगतो.

उठून गेलात तर आम्हाला राग येत नाही. दोन रागांच्या मध्ये उठा, टाळ्या चालू असताना उठा. लय चढत असताना समोरून कुणी आडवं गेलं की मात्र गाणाऱ्याचं लक्ष उडतं आणि मलाही ठेका सांभाळून घ्यावा लागतो. सिडकोवाल्यांचा दाराजवळ बसायचा सल्ला म्हणून शंभर टक्के बरोबर.

आता कबुलीजबाब. मोसमात आम्हीच एका संध्याकाळी दोन कार्यक्रम करतो. एकट्या बैठकीच्या मानधनात घर चालत नाही. पाच वाजता एखाद्या संस्थेचा वर्धापनदिन, आठला बैठक. तबला-डग्ग्याची पिशवी स्कूटरवर पायांत, हातोडी डिकीत, मध्ये कुठेतरी वडापाव. तबला उन्हात तापतो, सभागृहातल्या एसीत गार होतो आणि स्वर हलतो. पोचल्यावर दहा मिनिटं नुसतं ठोकून मिळवण्यात जातात आणि निवेदक कानाशी येऊन विचारतो, "सुरू करायचं ना?"

आमचं गणित रस्ता बिघडवत नाही, पहिला तास बिघडवतो. पत्रिकेवर सहा. सव्वासहाला पाहुणे. दीपप्रज्वलन, त्यात समईची वात पेटत नाही. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मग ज्यांचं नाव राहिलं त्यांचं नाव. पहिला सा लागतो सात वाजता. उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर शेवट हलवता येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले मोजके सवलतीचे दिवस सोडून. बंद सभागृहाला ते बंधन नाही, म्हणून साडेनऊचं नाटक चालतं. पटांगण, लॉन्स, सोसायटीचा मंडप मात्र सगळं सहा ते दहाच्या चिमटीत. सुरुवातीची पन्नास मिनिटं भाषणांनी खाल्ली की कापला जातो तो शेवटचा, जलद लयीतला द्रुत. जावईबापूंनी सव्वासातला उठून पंधरा मिनिटांचं गाणं ऐकलं. सहाला सुरू झालं असतं तर तेवढ्याच वेळात आख्खा राग पदरात पडला असता.

वाढपी

केटरिंगमध्ये आहे, म्हणून एक गंमत सांगतो. साडेसातचं रिसेप्शन म्हणजे वधू-वर पावणेनऊला मंचावर. पार्लरवाली सोडत नाही, मग फोटोग्राफर सोडत नाही. साडेसातला आलेली मंडळी रिकाम्या सिंहासनांकडे बघत सूप पितात. भाऊ, तुम्ही साडेआठच्या आत पोचलात तेव्हा मंचावर कोण होतं?

जेलरोडचा जावई

कोणी नव्हतं. दोन लाल खुर्च्या होत्या, आणि एक लहान मुलगा त्यातल्या एकीवर उड्या मारत होता. नऊला पाच कमी असताना रांग सुरू झाली. म्हणजे मी निदान आणखी अर्धा तास ऐकू शकलो असतो. बायकोला हे सांगितलं नाही, इथे सांगतोय.

बाकी रात्रपाळी ताईंनी जे लिहिलं त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. 'जमवावं' हा शब्द मागे घेतो. पुढच्या वेळी नाशिक रोडकडे परतताना गाडीत आमच्या शेजारी आणखी दोन जागा असतात. कार्यक्रमाच्या आधी इथे लिहीन.

डग्गेवाले, दाराजवळ बसेन, शब्द देतो. पण सिडकोवाल्यांचं 'एक संध्याकाळ, एक कार्यक्रम' अजूनही मान्य नाही. पंधरा मिनिटांचा का होईना, पूरिया धनाश्री राग अख्ख्या द्वारकेत डोक्यात चालू होता. घरी बसलो असतो तर तेवढाही मिळाला नसता.

आता एक अवघड विषय. सिडकोवाले, तुमची ती चप्पल तपकिरी, नऊ नंबर, आणि अंगठ्याच्या पट्ट्याला काळ्या दोऱ्याचा टाका घातलेला आहे का?

सिडको सहावी स्कीम

टाका मी स्वतः घातलाय.

जेलरोडचा जावई

फोटोसाठी मंचावर चढताना पहिल्याच पायरीवर सुटली, तेव्हा लक्षात आलं. मामेसासऱ्यांनी बघितलं. घरी जपून ठेवलीय. सांगा कधी भेटायचं.

सिडको सहावी स्कीम

तुमची आठ नंबरची माझ्याकडे आहे. रविवारी चालेल. मी सिडकोतून, तुम्ही जेल रोडवरून. मध्ये कुठेतरी.

जेलरोडचा जावई

मध्ये म्हणजे द्वारका.

सिडको सहावी स्कीम

सकाळी सातला या.