निळ्या एलईडीवर पाण्याखालचे संदेशवहन: तीन नोड, एक रिसीव्हर

प्रश्न
नमस्कार. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही पाण्याखालचे तीन सेन्सर-नोड निळ्या एलईडीच्या साहाय्याने एकाच रिसीव्हरशी जोडत आहोत. सर्वांत जवळचा नोड 3 मीटरवर, तर सर्वांत लांबचा 12 मीटरवर असेल. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरतात आणि ध्वनीवर पुरेसा डेटा जात नाही, म्हणून प्रकाश निवडला. तिघांचे संदेश वेगळे ठेवण्यासाठी टीडीएमए (प्रत्येक नोडला वेळेची वेगळी पाळी), सीडीएमए (प्रत्येक नोडला वेगळा कोड) आणि नोमा (सर्व नोड एकाच वेळी, पण वेगवेगळ्या प्रबळतेने) यांपैकी काय निवडावे?

उत्तर 1
टीडीएमएपासून सुरुवात करावी. प्रकाशाला पाण्यात 12 मीटर कापायला सुमारे 53 नॅनोसेकंद लागतात आणि 1 मेगाबिट वेगाने एक बिट 1000 नॅनोसेकंदांचा असतो, त्यामुळे नोडच्या पाळ्यांमध्ये प्रवासाच्या विलंबासाठी जवळजवळ मोकळी जागा सोडावी लागत नाही. ध्वनीला याच अंतरासाठी 8 मिलिसेकंद लागले असते. मात्र जवळच्या नोडच्या प्रखर प्रकाशानंतर रिसीव्हरचा अ‍ॅम्प्लिफायर सावरायला वेळ घेतो, आणि पाळ्यांमधले अंतर खरे तर त्यावरूनच ठरवावे लागते. सीडीएमएबाबत एक अडचण लक्षात घ्यावी: प्रकाशाची तीव्रता ऋण होऊ शकत नाही, त्यामुळे नोडचे संदेश वेगळे ओळखण्यासाठी वापरले जाणारे, अधिक-उणे चिन्हांवर आधारलेले वॉल्श कोड जसेच्या तसे चालत नाहीत.

उत्तर 2
नोमाबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण कागदावर ही पद्धत फार आकर्षक दिसते. तीत सर्वांत प्रबळ संदेश आधी उलगडून एकूण संकेतातून वजा करतात आणि मग क्षीण संदेश वाचतात. किनाऱ्याजवळच्या पाण्यात क्षीणन गुणांक (प्रकाश किती वेगाने विरतो याचे माप) दर मीटरला 0.4 धरला आणि प्रकाशाचे पसरणेही हिशेबात घेतले, तर 3 मीटरवरच्या नोडचा प्रकाश 12 मीटरवरच्यापेक्षा जवळजवळ 600 पट भरतो. अशा वेळी वजाबाकीत 1 टक्का चूक राहिली, तरी उरलेला अवशेष दूरच्या संदेशाच्या सहापट असतो. शिवाय प्रखर प्रकाशाचा शॉट नॉइज (प्रकाशकण अनियमितपणे येत असल्याने होणारा गोंगाट) कितीही अचूक वजाबाकी केली तरी जात नाही. म्हणून जवळच्या नोडची शक्ती आधी कमी करावी, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर 3
वरील मताशी मी सहमत आहे. आणखी एक मार्ग सुचवतो. जवळच्या नोडला लाल एलईडी द्यावा. लाल रंग पाण्यात झपाट्याने शोषला जातो, पण 3 मीटरवर तो पुरेसा उरतो, आणि रिसीव्हरवर दोन रंगांचे फिल्टर बसवले की त्या नोडचा निळ्याशी संघर्षच उरत नाही. इंटरफेरन्स फिल्टर (पातळ थरांवर आधारलेला रंग-फिल्टर) वापरणार असाल, तर तिरप्या किरणांसाठी त्यातून जाणाऱ्या तरंगलांबींचा पट्टा कमी तरंगलांबीकडे सरकतो, हे ध्यानात ठेवून पट्टा थोडा रुंद घ्यावा. टाकीतल्या चाचणीत पाणी गढूळ करण्यासाठी पातळ अँटासिड थेंबाथेंबाने घालण्याची पद्धत रूढ आहे. पण त्याने प्रकाश विखुरतो, फारसा शोषला जात नाही, त्यामुळे शेवाळयुक्त समुद्राच्या पाण्याचे अनुमान त्यावरून काढू नये.