दीड पानाच्या कागदावरून थेट टेबलं काढावीत का?

सावदेकर: रावेर-यावल पट्ट्यातल्या एका केळी व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर करतोय. त्यांनी दीड पान लिहून दिलं. त्यातलं महत्त्वाचं एवढंच: "शेतकऱ्याची नोंद मोबाईल नंबरवर व्हावी. प्रत्येक शेतकऱ्याचं एक शेत. कटाई झाली की वजन होऊन पट्टी बनते. पट्टीला त्या दिवसाचा भाव लागतो." माझ्या जोडीदाराने नामांखाली रेघा मारल्या आणि संध्याकाळपर्यंत पाच टेबलं (डेटा साठवायचे तक्ते) उभी केली.

माझं मत स्पष्ट आहे, असं करू नये. तीन दिवस जुन्या पट्ट्यांचा, म्हणजे मालाच्या बिलांचा, गठ्ठा घेऊन मुनीमकाकांशेजारी बसलो, तर जवळजवळ प्रत्येक वाक्य मोडलं. बाप आणि दोन मुलगे, खाती तीन, नंबर एकच, तोही धाकट्याचा. मोबाईल प्रायमरी की, म्हणजे नोंदीची एकमेव ओळख, केला असता तर थोरल्याची नोंदच झाली नसती. एका गटाच्या सातबाऱ्यावर चार सामाईक नावं, आणि एकाच माणसाचे तीन गट. म्हणजे शेतकरी आणि गट यांच्यामध्ये तिसरं टेबल आलंच. 'त्या दिवसाचा भाव' असा एक भाव नसतोच, मालाच्या प्रकाराप्रमाणे बदलतो. नवतीचा वेगळा, पिलबागेचा वेगळा, वापसीचा त्याहून वेगळा.

धुळेकर: भाऊ, मला पटत नाही. नाम म्हणजे एंटिटी (जिची नोंद ठेवायची ती गोष्ट), क्रियापद म्हणजे नातं ही वाट पीटर चेन यांनीच १९८३ मध्ये मांडली, ती टाकाऊ नाही. मी एका जिनिंगचं काम असंच शेजारी बसून, ऐकून केलं. रोज नवा माणूस नवी गोष्ट सांगायचा. सात महिने गेले, शेवटचा हप्ता आजही अडकलेला आहे. लिहून घ्या, सही घ्या, त्यावरूनच टेबलं काढा. पुढे बदल हवा असेल तर बदलाचे पैसे.

चोपड्याची लेक: दादा, सहीने तुमचे पैसे वाचतील, डेटा नाही वाचणार. स्क्रीन बदलणं एका दिवसाचं काम. पण दोन हंगामांच्या पट्ट्या, उचल, येणी सगळी त्या मोबाईल नंबराला फॉरेन कीने (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमने) बांधली गेली, आणि मग धाकट्याने सिम बदललं तर? प्रत्येक टेबलात हात घालावा लागेल. साधा खाते क्रमांक की ठेवा, मोबाईल नुसता कॉलम.

भुसावळ जंक्शन: मला एकच सांगायचंय. पट्टीत भाव लिहू नका. भावाचं टेबल आहे, तारीख आणि मालाच्या प्रकारावरून जोडून घ्या. तोच आकडा दोन ठिकाणी ठेवला की तिसरा नॉर्मल फॉर्म, म्हणजे टेबलं आखायचा एक नियम, मोडतो. १९७० मध्ये कॉड यांनी रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांत मांडायची पद्धत) मांडलं तेव्हापासून भांडण याच पुनरावृत्तीशी आहे.

सावदेकर: नाही भो, इथे तोच आकडा दोनदा नाहीये. बोर्डाचा भाव जाहीर असतो. पट्टीवरचा भाव माल बघून, वर फरक धरून बांधावर ठरतो. एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या मालाला दोन शेतकऱ्यांच्या पट्टीत दोन भाव मी डोळ्यांनी पाहिलेत. म्हणजे तो भाव तारखेवर अवलंबून नाही, पट्टीतल्या त्या ओळीवर आहे. नॉर्मल फॉर्मही हेच मागतो. आणि जोडून घेतला तर काय होईल? कोणी मागच्या महिन्याचा बोर्डभाव दुरुस्त केला की जुन्या पट्टीची रक्कम आपोआप बदलणार. शेतकऱ्याच्या खिशातल्या कागदावर मात्र जुनाच आकडा. त्याला काय तोंड दाखवू?

भुसावळ जंक्शन: हे मान्य. मग कॉलमची नावंही वेगळी ठेवा, जाहीर_भाव आणि ठरलेला_भाव. नुसतं 'भाव' लिहिलं तर पुढचा पोरगा पुन्हा जोडून टाकेल.

धुळेकर: माझा मूळ प्रश्न तसाच आहे. ते तीन दिवस कोणाच्या खात्यावर?

सावदेकर: माझ्याच, खरं आहे. पुढच्या कामात ते दिवस आधीच दरात धरणार. पण काल मुनीमकाकांना विचारलं, "पट्टी चुकली तर काय करता?" त्यांनी गठ्ठ्यातून एक काढून दाखवली. लाल शाईत आडवं 'रद्द', खाली नव्या पट्टीचा नंबर. जुनी कधी फाडत नाहीत. दीड पानात याचा एक शब्द नाही, आणि आमच्या स्क्रीनवर 'डिलीट' बटण होतं. ते काढलं. पट्टीच्या टेबलात स्थिती आणि 'बदली पट्टी क्रमांक' असे दोन कॉलम टाकले.

धुळेकर: मग हेही वाक्य लिहा आणि जुन्या कागदातलं मोबाईलचं वाक्य त्यांच्याच हाताने खोडून घ्या. खाली सही, तारीख.

सावदेकर: उद्या सकाळी काट्यावर जातोय, तेव्हा घेतो.