निवृत्तीनंतर मेडिक्लेम: हप्ता भरायचा की एफडी ठेवायची?

वाईकर
फेब्रुवारीत कंपनीतून निवृत्त झालो. मी ६०, बायको ५७. नोकरीभर पाच लाखांची ग्रुप पॉलिसी होती, ती शेवटच्या दिवशी आयकार्डाबरोबर गेली. आता एजंटाने दहा लाखांच्या फ्लोटरचा (दोघांत मिळून एकच पॉलिसी) हप्ता काढून दिलाय, वर्षाला ६०,०००. मला बीपी, तिला शुगर, म्हणून एवढा.

माझं म्हणणं असं. हेच ६०,००० दर वर्षी एफडीत टाकले, सात टक्के धरले, तर दहा वर्षांनी पावणेनऊ लाखांच्या वर जातात. आजारी पडलो नाही तर पैसे माझेच. ७० ला सरकारचं मोफत उपचारांचं वय वंदना कार्ड मिळेलच. मुलगा बंगळुरूहून रोज फोन करतो, "बाबा, घेऊन टाका." मग हप्ता त्यालाच भरू द्यावा का, असाही एक विचार आहे. तुमचं काय मत?

निशिगंधा
काका, हिशोब बरोबर आहे, पण तो दहाव्या वर्षाचा. दुखणं काही एफडी पिकायची वाट बघत नाही. तिसऱ्या वर्षाअखेर तुमच्याकडे जेमतेम दोन लाख सहा हजार असतील. तेवढ्यात पुण्याच्या खासगी हॉस्पिटलात बायपास होते का, विचारून बघा.

आणि एक. तुम्ही ७० चे व्हाल तेव्हा काकू ६७ च्या. वय वंदना कार्ड तुम्हाला मिळेल, त्यांना नाही.

वाईकर
हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. पण फंडाचे पैसे आहेत ना बँकेत.

खडूस पेन्शनर
वाईकर, एफडीच करा. मी १५ वर्षं इमानेइतबारे हप्ते भरले. गेल्या वर्षी बायकोचा गुडघा बदलला. पॉलिसी पाच लाखांची, बिल ३,२०,०००. मी म्हटलं, चला, एकदाचे वसूल झाले. हातात पडले १,९६,०००. सव्वा लाख माझ्या खिशातून. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, रूम रेंट कॅपिंग आहे." पंधरा वर्षांत हा शब्द एजंटाच्या तोंडून एकदाही ऐकला नव्हता.

क्लेमडेस्कवाला
मी अशाच काउंटरच्या आतल्या बाजूला नऊ वर्षं बसलोय. तुमचा आकडा कसा आला असेल ते सांगतो, चुकलो तर सांगा.

खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोजचे ५,०००. तुम्ही खोली घेतली ८,००० ची. मग कंपनी फक्त वरचे ३,००० कापत नाही. सर्जनची फी, ओटी, नर्सिंग, सगळ्याला पाच-अष्टमांश लागतं, कारण हॉस्पिटलात खोली वरची घेतली की हे दरही वर चढतात. औषधं आणि इम्प्लांटला ही कात्री नाही. ती तुमची १,२०,००० धरा, पूर्ण मिळाली. उरलेल्या दोन लाखांचे झाले १,२५,०००. बेरीज २,४५,०००. त्यातून २० टक्के को-पे, म्हणजे क्लेममधला तुमचा ठरलेला वाटा, ४९,०००. राहिले १,९६,०००.

खडूस पेन्शनर
रुपया न रुपया बरोबर. म्हणजे तुम्ही लोक हे आधीपासून जाणता!

क्लेमडेस्कवाला
आम्ही जाणतो, पॉलिसीच्या कागदातही छापलेलं असतं. ५,००० च्या खोलीत राहिला असतात तर फक्त को-पे गेला असता.

खडूस पेन्शनर
५,००० ची खोली रिकामी नव्हती. बायकोला पॅसेजमध्ये झोपवू?

क्लेमडेस्कवाला
याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणूनच वाईकरांना सांगतो, दहा लाखांचा आकडा नंतर बघा. खोलीभाड्याला मर्यादा आहे का आणि को-पे किती, हे आधी विचारा. कॅपवाल्या दहा लाखांपेक्षा बिनकॅपचे सात लाख मी डोळे झाकून घेईन.

मिरजेचा मामा
हप्ता ६०,००० वरच थांबणार असं धरून सगळे बोलताय. २०२५ च्या जानेवारीत विमा नियामक आयआरडीएआयने नियम केला, ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी आयआरडीएआयशी बोलायचं. छान. पण दर वर्षी १० टक्के वाढला तरी दहाव्या वर्षी तो १,४१,००० होतो. दहा वर्षांत साडेनऊ लाख भरून झाले. आणि पेन्शन? कंपनीवाल्यांचं ईपीएसचं पेन्शन वाढतच नाही. ७२ व्या वर्षी हप्ता झेपेना म्हणून पॉलिसी सोडणारे मी पाहिलेत. ऐन गरजेच्या वेळी हातात भोपळा. त्यापेक्षा न घेतलेली बरी.

निशिगंधा
मामा, हा मुद्दा मान्य. पण जीएसटीचे १८ टक्के गेले हेही सांगा की. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर शून्य आहे. वाईकरकाका, एजंटाचा कागद त्याआधीचा तर नाही ना?

वाईकर
नाही, गेल्याच आठवड्यातला. त्यात जीएसटी शून्यच लिहिलाय.

कऱ्हाडची सून
तुम्ही सगळे पुण्यामुंबईच्या हॉस्पिटलांचं बोलताय. ७० पर्यंत थांबायचं कशाला? महात्मा फुले योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही आहे, पाच लाखांपर्यंत. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. रेशनकार्ड, आधार दिलं, आरोग्यमित्राने (हॉस्पिटलातला योजनेचा माणूस) फोटो काढला, दुसऱ्या दिवशी स्टेंट. औषधांसकट एक पैसा घेतला नाही. घरी येताना सासरे म्हणाले, "काहीतरी राहिलंय, परत जाऊन विचार."

मिरजेचा मामा
ह्याला म्हणतात अनुभव.

निशिगंधा
छान झालं, पण योजनेतले ठरलेले उपचार, यादीतलं हॉस्पिटल आणि तिथे रिकामा बेड, या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. माझ्या मावशीला खुब्याच्या हाडासाठी तीन ठिकाणांहून "योजनेचा बेड नाही" असं सांगितलं. फ्रॅक्चर घेऊन पाच दिवस घरी पडून होती. शेवटी पैसे भरूनच केलं. योजना असू द्यावी, तिच्यावर विसंबू नये.

कऱ्हाडची सून
बेड तर पॉलिसीवाल्यांनाही मिळत नाही. वर खडूसकाकांनी काय सांगितलं?

वजाबाकी
मधला रस्ता कोणीच का सांगत नाही? वाईकरांकडे फंड आहे. त्यातले पाच लाख 'हॉस्पिटल' असं नाव ठेवून वेगळे काढा. त्याच्या वर २० लाखांचा सुपर टॉप-अप घ्या, डिडक्टिबल पाच लाख. वर्षभरातले पहिले पाच लाख तुमचे, पुढचे कंपनीचे. पहिला भार तुम्ही उचलता म्हणून हप्ता साध्या पॉलिसीपेक्षा बराच कमी बसतो. फक्त 'सुपर' शब्द बघून घ्या. साध्या टॉप-अपला प्रत्येक क्लेम स्वतंत्रपणे पाच लाखांच्या वर जावा लागतो. तीन-तीन लाखांची दोन दुखणी झाली तर तो एक रुपया देत नाही, सुपरवाला लाख देतो.

खडूस पेन्शनर
म्हणजे माझ्या बायकोच्या गुडघ्याला शून्य.

वजाबाकी
शून्य. पण गुडघ्याने घर विकायला लागत नाही. मी विमा घर वाचवायला घेतो, वसूल करायला नाही.

मिरजेचा मामा
पाच लाख बाजूला काढू शकणाऱ्यांचंच हे शहाणपण. बाकीच्यांनी काय करायचं?

क्लेमडेस्कवाला
वाईकर, एक कटू गोष्ट. निवृत्त होताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि ग्रुपमधली वर्षं वेटिंग पिरियडमध्ये, म्हणजे जुन्या दुखण्यांचा क्लेम मिळत नाही त्या सुरुवातीच्या काळात, धरली जातात. अर्ज मुदतीत करावा लागतो. एचआरने सांगितलं होतं?

वाईकर
एचआरने नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं.

क्लेमडेस्कवाला
मग आता बीपी-शुगरच्या दुखण्यांना नव्याने वेटिंग. २०२४ पासून ते जास्तीत जास्त तीन वर्षं, पूर्वी चार होतं. म्हणजे घ्यायची तर आज घ्या. आणि प्रपोजल फॉर्म एजंटाला भरू देऊ नका. बीपी किती वर्षांपासून, गोळी कोणती, सगळं लिहा. एका बाईंच्या फॉर्मवर एजंटाने शुगरपुढे 'नाही' लिहिलं होतं, हप्ता कमी दिसावा म्हणून. दुसऱ्याच वर्षी किडनीचा क्लेम आला, जुन्या केसपेपरात 'के/सी/ओ डीएम, १२ वर्षं', म्हणजे शुगर १२ वर्षांपासून. क्लेम गेला, पॉलिसीही गेली. सही त्यांचीच होती.

वाईकर
सगळं वाचलं. सध्या एवढं ठरवलंय: आमच्यावर वेळ आली तर जाणार साताऱ्यालाच, तेव्हा सोमवारी तिथल्या दोन हॉस्पिटलांत जाऊन डबल शेअरिंग खोलीचा दर विचारतो आणि आरोग्यमित्रालाही भेटतो. सुपर टॉप-अपचा हप्ता मुलगा काढून पाठवतोय. खडूसराव, तुमचा सव्वा लाख आमच्या कामी आला, रागावू नका.

बायको मागून वाचतेय. म्हणते, शुगरचं लिहाल ते लिहाल, गुडघे दुखतात तेही लिहा.