मदत हवी: इंकजेटच्या प्रोफाइलमध्ये काळी शाई कुठून सुरू करावी?

रेघोटी
पिगमेंट शाईचा चार रंगांचा इंकजेट, कागद कॉटन मॅट. चार्ट (छापून मोजायचे रंगांचे चौकोन) आर्गिल या रंगव्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधल्या टार्जेनने काढलाय, प्रोफाइल (कोणत्या रंगाला कोणती शाई किती, हे सांगणारी फाइल) त्याच्याच कोलप्रॉफने. काळ्यासाठी ‘आर’ म्हणजे रॅम्प (काळं हळूहळू चढवणारा पर्याय), चारही शायांची मिळून मर्यादा २८० टक्के. दोन अडचणी आहेत. आकाशात आणि गालांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसतात. आणि गडद भागात शाई साचून केसांचा नुसता गोळा होतो. काळं ‘झेड’वर म्हणजे किमानवर टाकलं की ठिपके जातात, पण मग राखाडी दिव्यागणिक रंग बदलते: ट्यूबलाइटखाली हिरवट, पिवळ्या बल्बखाली तांबूस. गडद भाग तर आणखीच बिघडतो. मधला रस्ता कसा काढायचा? चार्ट पुन्हा छापावा लागेल का? हा कागद स्वस्त नाही.

अर्धाटोन
आधी हे सांगा, छपाई रिपमधून (चारही शायांवर थेट ताबा देणारं सॉफ्टवेअर) होते की प्रिंटरच्या नेहमीच्या ड्रायव्हरमधून? ड्रायव्हर आरजीबी (लाल-हिरवा-निळा) घेत असेल तर काळं किती आणि कुठून हे तोच ठरवतो, प्रोफाइलच्या हातात काही नसतं. सीएमवायके (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा) फाइल पाठवली तरी ती वाटेत आरजीबी होते. तिथे फार तर मीडिया टाइप बदलून पाहता येतं. बरेच लोक इथेच फसतात आणि प्रोफाइलवर प्रोफाइल बनवत बसतात.

रेघोटी
रिपमधूनच, सीएमवायके. लिनिअरायझेशन (प्रत्येक शाई समान टप्प्यांनी चढेल अशी जुळणी) आधी करून घेतलंय. टार्जेनला ‘डी ४’ म्हणजे सीएमवायकेच दिलं होतं.

खळ
मग चार्ट पुन्हा छापू नका. काळ्याचा निर्णय प्रोफाइलच्या फक्त उलट्या तक्त्यात असतो, म्हणजे लॅबवरून (रंग कसा दिसतो त्याचे आकडे) शाईकडे जाणाऱ्या. शाईवरून लॅबकडे जाणारा तक्ता मोजमापातून येतो, तो तसाच राहतो. तुमची टीआय३ फाइल (चार्टची मोजमापं) आहे तीच वापरून कोलप्रॉफ हवं तितक्या वेळा चालवा.

मात्र आधी शाईची मर्यादा तपासा. गोळा होण्याचं मूळ तिथेच दिसतंय. नुसतं १०० टक्के काळं छापा. शेजारी १०० काळं अधिक सायन २०, मॅजेंटा १५, पिवळा १५. मग त्याच्या दुप्पट, तिप्पट. वाळू द्या, पुढच्या दिवशी मोजा. एल (उजळपणाचा आकडा) जिथे उतरायचं थांबतं ती तुमची खरी मर्यादा. मॅटवर हे टोक लवकर येतं, कधी कधी पुढे एल उलटं चढतं. या कागदाला २८० फार वाटतात. समजा २३० निघाले, तर कोलप्रॉफला ‘एल २३०’ द्या (हा एल शाईच्या मर्यादेचा, उजळपणाचा नाही). चार्टची मर्यादा प्रोफाइलच्या मर्यादेपेक्षा दहाएक टक्के जास्त असलेली बरी असते. तुमची त्याहून जास्तच आहे, त्यामुळे जुनं मोजमाप चालेल.

आता काळ्याची वक्ररेषा. ‘आर’ऐवजी ‘के पी’ आणि पुढे पाच आकडे: पांढऱ्याशी पातळी, सुरुवातीची जागा, शेवटाची जागा, काळ्याशी पातळी, आकार. जागा पांढऱ्यापासून (०) काळ्यापर्यंत (१) मोजतात. कागदाचा एल ९६ आणि काळ्याचा १६ धरला तर ०.४ म्हणजे ९६ वजा ३२, एल ६४. तिथपर्यंत काळं किमानच, म्हणून आकाश स्वच्छ. इथून सुरू करा:

० ०.४ ०.९ ०.९ ०.७

आकार १ म्हणजे सरळ रेघ. १ च्या खाली काळं आधी हळू चढतं आणि नंतर वेग घेतं, ठिपक्यांसाठी हेच हवं. पातळीचा ०.९ म्हणजे ९० टक्के काळी शाई, असं मात्र धरू नका. एकच रंग कमी-जास्त काळं घालून अनेक प्रकारे जुळतो. त्यात शक्य असलेल्या किमान आणि कमाल काळ्याच्या मधली ही जागा आहे. शाईचं थेट प्रमाण द्यायचं तर लहान ‘के’ऐवजी कॅपिटल ‘के’.

प्रोफाइल बनवायच्या आधी आर्गिलचंच एक्सआयसीसीएलयू चालवा: ‘जी’, ‘एफ आय एफ’, ‘आय आर’, तोच ‘के पी’, तीच मर्यादा. जुन्या प्रोफाइलवरच चालतं. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत चारही शायांच्या रेषा दिसतात. काळं चढताना बाकी तिन्ही हळूहळू उतरल्या तर ठीक. शेवटच्या टप्प्यात काळं एकदम उभं चढलं आणि सायनला गाठ पडली, तर छपाईत तिथे पट्टा उमटणार. अशा वेळी सुरुवात थोडी अलीकडे आणा किंवा आकार १ कडे न्या.

अर्धाटोन
सहमत, एक भर. हा नियम फक्त राखाडीला नाही, सगळ्या रंगांना लागतो, म्हणून गालांवरही ठिपके येतात. आय१प्रोफाइलर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ब्लॅक विड्थ कमी करून काळं राखाडीच्या आसपास रोखता येतं. आर्गिलमध्ये सोपा उपाय म्हणजे सुरुवात पुढे ढकलणं. सावळ्या त्वचेला ०.४ सुद्धा लवकर पडेल, ०.५ करून पाहा.

रेघोटी
०.५ केलं तर दिव्यागणिक रंग बदलायची भानगड परत येणार ना?

खळ
फिकट राखाडीत येणार, गडद भागात कमी. तिन्ही रंगीत शायांनी बनलेली राखाडी प्रत्येक दिव्याखाली वेगळी दिसते. कार्बनची काळी शाई त्यामानाने स्थिर. चार शायांत दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत. हलकी काळी असलेल्या यंत्रात काळं लवकर सुरू करता येतं, कारण फिकट भागात तिचेच ठिपके पडतात.

एकाच टीआय३वरून दोन प्रोफाइल ठेवा. रंगीत फोटोंसाठी वरची. कृष्णधवलसाठी सुरुवात ०.१ आणि आकार १. तिच्यात ठिपके राहतील, त्यामुळे मोठ्या, लांबून पाहायच्या चित्रांनाच वापरा.

अर्धाटोन
छापण्याआधी फोटोशॉपमध्ये ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ करा, ‘असाइन’ नको. नुसता काळा चॅनेल उघडून गालांवर कर्सर फिरवा. इन्फोमध्ये तिथे काळं २–३ टक्के दिसलं तरी ठिपके उमटतील.